विचारा की राव: जैसलमेरची जीप आणि टायरातली हवा

प्रश्न: ताई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सहाजण जैसलमेरला निघालोय. पॅकेजमध्ये समच्या वाळूत जीप सफारी आणि उंटावरची रपेट दोन्ही आहे. सासूबाईंच्या मणक्याची गादी सरकलीय, पण त्या म्हणतात पैसे भरलेत तर सोडायचं कशाला, मी पण बसणार. मुलगा आठ वर्षांचा आहे. काय करू?
– राजारामपुरीतून एक वाचक

उत्तर: वहिनी, सासूबाईंना जीपमध्ये बसवू नका. पैसे भरलेत हे खरं, पण नंतर डॉक्टरला भरायला लागले तर ते कुणाच्या पॅकेजमध्ये बसणार? वाळूच्या टेकडीची वाऱ्याकडची बाजू हळूहळू चढत जाते आणि पलीकडची एकदम तुटल्यागत असते, कोरडी वाळू साधारण 33-34 अंशाच्या उतारावर कशीबशी थांबते, आणि सफारीतली मजा म्हणजे जीप त्याच बाजूने खाली सोडायची. खाली पोचल्यावर जो दणका बसतो तो सरळ माकडहाडात. मागच्या आडव्या बाकावर तर विचारूच नका.

उंट पण नको. उंट उठताना आधी मागचे पाय ताठ करतो, म्हणजे बसलेला माणूस तोंडावर जातो की काय असं होतं, आणि बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो म्हणजे परत तेच. ज्यांना बसायचंय त्यांनी दोन्ही वेळा अंग मागं टाकायचं, एवढं ध्यानात ठेवा.

मग सासूबाईंनी काय करायचं तर उंटगाडी. सम जैसलमेर गावापासनं 40 किलोमीटरवर, तिथं टेकड्या डांबरी रस्त्याला लागूनच आहेत, त्यामुळे उंटगाडीतनं हळूहळू जाऊन सूर्यास्त बघता येतो, वाळूत चटई टाकून चहा पण होतो. खरं सांगू का, तुम्ही जीपमधनं धूळ खाऊन याल तेव्हा त्याच सगळ्यात खूश दिसतील.

पोराला घेऊन जावा, पण बसवून. तिथं उघड्या जीपमध्ये मागं दांडा धरून उभं राहायची फॅशन आहे, व्हिडिओ भारी येतो म्हणून. आठ वर्षाचं पोर तिथं उभं करायचं नाही म्हणजे नाही, ड्रायव्हर कितीही म्हणू दे कुछ नहीं होता.

आता ड्रायव्हर बरा का वाईट हे कसं ओळखायचं? माझी एकच परीक्षा आहे. डांबर सोडून वाळूत शिरायच्या आधी तो खाली उतरून टायरातली हवा काढतो का ते बघा. रस्त्यावर 30-32 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असते ती 15-18 पर्यंत आणतात. टायर बसका झाला की जमिनीला जास्त जागा टेकतो आणि वजन पसरतं, उंटाचा पाय कसा गादीसारखा पसरतो, तसंच. आमच्या जीपवाल्याने काढली नव्हती, घाई होती त्याला, तीन फेऱ्या मारायच्या होत्या. दुसऱ्याच टेकडीवर चाकं जाग्यावर फिरायला लागली, हा पठ्ठ्या ॲक्सिलरेटर दाबतोय, गाडी बुडापर्यंत आत, आणि आम्ही पाचजण भर उन्हात हातानं वाळू उपसतोय! मग बसला काडी घेऊन व्हॉल्व्ह दाबत, फुस्स फुस्स. घरनं नेलेल्या भडंगात एवढी वाळू गेली की शेवटी सगळं उंटासमोर ओतलं, त्यानं पण हुंगून सोडून दिलं.

प्रश्न: मी थार घेतलीय. डायरेक्ट कोल्हापूर ते जैसलमेर चालवत न्यायची आणि स्वतःच ड्यून्सवर घालायची. टिप्स द्या.
– उचगावचा भावा

उत्तर: भावा, आधी सांग तुझी थार फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी) आहे का 2023 पासून मिळायला लागली ती नुसत्या मागच्या चाकांची? दुसरी असेल तर वाळूत घालू नको, विषय संपला.

फोर बाय फोर असेल तरी एकटा जाऊ नको, दुसरी गाडी आणि दोर पाहिजेच. उतार सरळ उतरायचा, आडवा घेतलास की पलटी. रुतली तर रेस द्यायची नाही. आपल्याकडं उसाच्या फडात चिखलात ट्रॅक्टर रुतला की अजून रेस देऊन अजून खड्डा करणारे असतात तसलं तिथं करू नको, चाकामागची वाळू काढ, हवा अजून थोडी सोड आणि आलास त्याच चाकोरीतनं मागं ये. हवा भरायचा छोटा कंप्रेसर बरोबर ठेव, कारण बसक्या टायरवर हायवेला पळवलीस तर टायर तापून फुटतो.

आणि मनाला येईल तिकडं घालू नको. त्या भागात 3162 चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क आहे. माळढोक तिथं शिल्लक आहे, आपल्या सोलापूरकडं नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं तोच पक्षी. तो उघड्या जमिनीवर बहुतेक एकच अंडं घालतो. चाकाखाली आलं तर तुला कळणार पण नाही. पहिल्यांदा तिथल्याच एखाद्या जाणत्या ड्रायव्हरला शेजारी बसव.

प्रश्न: दुबईच्या सफारीत आणि जैसलमेरच्या सफारीत फरक काय? आणि मेमध्ये गेलं तर स्वस्त पडेल का?
– शाहूपुरी

उत्तर: दुबईत बहुतेक बंद एसी लँड क्रूझर असते, सीटबेल्ट लावायला लावतात, पण वाळूत उड्या जास्त, त्यामुळे पोटातलं वर येतं. दुपारी तीनच्या सुमारास हॉटेलवरनं उचलतात, तर जेवण बारालाच आणि हलकं. तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारून बसायची ही जागा नव्हे. गरोदर बाईनं दोन्हीकडं बसू नये.

मेमध्ये स्वस्त पडेल की, पण जैसलमेरला पारा 45 च्या वर जातो. ऑक्टोबर ते मार्च जावा, आपल्याकडं कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात साधारण तेच महिने. जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर न्या, रात्री वाळू गार पडते आणि तंबूत हुडहुडी भरते.