भांडण वही कोणाकडे ठेवायची याचं आहे, की वहीत काय लिहिलंय याचं?

तुमचा प्रश्न मला असा समजला. निफाडकडे द्राक्षाचं पॅकहाउस आहे, माल युरोपला जातो, आणि एका सॉफ्टवेअरवाल्याने कोटेशन दिलंय की शेतकरी, पॅकहाउस, ट्रान्सपोर्टर, सीएचए (कस्टमचं काम बघणारा एजंट), तिकडचा इम्पोर्टर असे सगळे एकाच ब्लॉकचेनवर (म्हणजे सगळ्यांची सामाईक, नंतर खोडता न येणारी डिजिटल वही) आणतो, मग कोणी कोणाला फसवू शकणार नाही आणि माल खराब निघाला म्हणून होणारे भरपाईचे क्लेम बंद होतील. घ्यावं का?

मी वीसेक वर्षं सप्लाय चेनचंच काम करतोय, त्यातली तीन-चार वर्षं ब्लॉकचेनच्या पायलट प्रोजेक्टमध्ये गेली, म्हणून जरा लांबड लावतो.

आधी माझीच फजिती सांगतो. चाकणला एका मोठ्या कंपनीकडे पार्ट जायचे ते प्लास्टिकच्या बिनमधून, आणि रिकामे बिन व्हेंडरकडे परत यायचे. म्हणजे यायला पाहिजेत, पण येतात कुठे. वर्षाच्या शेवटी व्हेंडर म्हणणार आमचे चारशे बिन तुमच्याकडे, कंपनी म्हणणार आमच्या रेकॉर्डला दोनशेच, ट्रान्सपोर्टर म्हणणार मी तर चलनावर सही घेतलीय, आणि शेवटी पैसे कापल्याची डेबिट नोट फाटणार ती सगळ्यात लहान माणसाच्या नावाने. आम्ही म्हटलं हे तर ब्लॉकचेनचं हक्काचं काम, तिघांची एकच वही, कोणाला खोडता येणार नाही. प्रत्येक बिनला क्यूआर लावला, गेटवर स्कॅनर दिले, डेमोला टाळ्या वाजल्या. दोन महिन्यांनी आकडे परत जुळेनात म्हणून मी स्वतः गेटवर जाऊन उभा राहिलो तर काय, गाड्यांची रांग लागली की सिक्युरिटीवाला एक बिन स्कॅन करायचा आणि चलनावरची संख्या टाकून मोकळा व्हायचा. त्याचंही चूक नाही हो, मागे दहा गाड्या हॉर्न वाजवत असतात. पण आता तो चुकीचा आकडा कोणालाच खोडता येत नव्हता! आधी निदान फोन करून दुरुस्त तरी व्हायचा.

तेव्हापासून मी सगळ्यांना पहिला प्रश्न हाच विचारतो. तुमचं भांडण वही कोणाकडे ठेवायची याचं आहे, का वहीत काय लिहिलंय याचं? पहिलं असेल तर ब्लॉकचेनचा विचार करा. दुसरं असेल तर ती काहीच करू शकत नाही, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

पहिल्या प्रकारचं मला आवडणारं उदाहरण आपल्याकडचंच आहे. छोट्या उद्योगांची बिलं डिस्काउंट करायला, म्हणजे बिलाचे पैसे यायच्या आधीच थोडे कापून उचलायला, रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेले ट्रेड्स नावाच्या व्यवस्थेतले तीन प्लॅटफॉर्म होते, आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट. तिघे एकमेकांचे स्पर्धक. अडचण ही की एखादा माणूस तेच बिल तिन्हीकडे दाखवून तीनदा पैसे उचलू शकतो. हे पकडायचं तर एकमेकांना बिलं दाखवायला पाहिजेत, आणि आपले गिऱ्हाईक स्पर्धकाला कोण दाखवेल? २०१८ च्या सुमारास त्यांनी मोनेटागो कंपनीच्या मदतीने ब्लॉकचेन लावली आणि त्यावर अख्खं बिल टाकायच्या ऐवजी फक्त हॅश टाकला, म्हणजे समजा बिलाचा अंगठ्याचा ठसा. ठशावरून बिल वाचता येत नाही, पण तोच ठसा परत आला की लगेच कळतं. काम एवढुसं, पण नेमकं. वही ठेवायला तिघांपैकी कोणीच दुसऱ्याला चाललं नसतं, म्हणून ती सामाईक.

आता उलटं बघा. जहाज कंपनी मर्स्क आणि आयबीएमचं ट्रेडलेन्स, कंटेनरचे सगळे कागद एका ब्लॉकचेनवर आणणारं. २०१४ मध्ये मर्स्कने केनियाहून युरोपला जाणाऱ्या मालाचा माग काढला तर एका कंटेनरमागे तीसेक माणसं-संस्था आणि दोनशेच्या वर कागद-निरोपांची देवाणघेवाण निघाली. म्हणजे दुखणं खरं होतं. २०१८ ला प्लॅटफॉर्म आला, नंतर एमएससी, सीएमए सीजीएम, हापाग-लॉइडसारखे स्पर्धकही आले, तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि २०२३ च्या सुरुवातीला दुकान आवरलं. तंत्र वाईट नव्हतं. पण ज्या वहीचा मालक गल्लीतला सगळ्यात मोठा दुकानदार, तिच्यात बाकीचे दुकानदार मनापासून हिशोब लिहीत नाहीत, मग तिला विकेंद्रित म्हणा नाहीतर आणखी काही.

वॉलमार्टच्या आंब्याचं उदाहरण तुमच्या कोटेशनवाल्याने नक्की दिलं असेल, सगळेच देतात. कापलेल्या आंब्याचं पाकीट कुठल्या बागेतलं हे शोधायला आधी जवळपास सात दिवस लागले, मग २.२ सेकंद. खरं आहे ते. पण ती करामत जास्त करून सगळ्यांनी एकाच पद्धतीने माहिती आधीच भरून ठेवल्याची आहे, आणि पुरवठादार ती भरतात कारण सांगणारा वॉलमार्ट असतो. पालेभाज्यांच्या पुरवठादारांना २०१८ मध्ये त्यांनी सरळ पत्रच पाठवलं होतं की अमुक तारखेच्या आत या. तुम्ही इम्पोर्टरला असं पत्र पाठवू शकता का? मला त्यांचं कॅनडातलं काम जास्त पटतं. तिथे सत्तर ट्रान्सपोर्टरांच्या भाड्याच्या बिलांत सुमारे ७० टक्के बिलांवर वाद व्हायचे. ट्रक कुठे किती वेळ थांबला, डिझेल किती, हे दोघांनी जागच्या जागी मान्य करत जायचं आणि बिल त्यातूनच तयार होणार, असं केल्यावर वाद एका टक्क्याच्या आसपास आले. ट्रान्सपोर्टरला पैसे लवकर मिळायला लागले, म्हणून तो स्वतःहून माहिती भरायला लागला. माझ्यामते सगळी मेख इथे आहे.

आता तुमचं. शेतकरी ते पॅलेट हा माग तर अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) ग्रेपनेटवर कधीपासून आहे, प्लॉट रजिस्टर होतो, रेसिड्यूचे, म्हणजे औषधांच्या उरलेल्या अंशाचे, रिपोर्ट जातात, आणि ते सुरुवातीपासून वर्षानुवर्षं साध्या मध्यवर्ती सॉफ्टवेअरवरच चाललं. ती वही अपेडाने ठेवायला तुमची, शेतकऱ्याची, लॅबची कोणाची हरकत आहे का? नाही ना. मग त्याच्यावर परत ब्लॉकचेन कशाला. आणि २०१० आठवा, सीसीसी या वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपले कंटेनर युरोपात अडकले तेव्हा नोंदी व्यवस्थित होत्या, पण आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत सीसीसी नव्हतंच. जे तपासलंच नाही ते कुठल्या साखळीत सापडणार?

तुमचं खरं दुखणं मला पट्टीचं, म्हणजे इम्पोर्टरकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशोबाचं, वाटतंय. माल तिकडे पोचतो, इम्पोर्टर म्हणतो मणीगळ आहे, कूज आहे, आणि पट्टीत हवे तेवढे कापतो, तुम्ही इथे बसून काय बघणार. यात एक भाग लिहून ठेवता येतो, तो म्हणजे टेंपरेचर. प्रीकूलिंगपासून (माल भरायच्या आधी गार करण्यापासून) कंटेनर उघडेपर्यंतचा डेटा लॉगर, म्हणजे टेंपरेचर नोंदवणारं यंत्र, दोघांना एकाच वेळी दिसेल असा लावा, त्याला ब्लॉकचेन लागत नाही. दुसरा भाग, घड किती खराब होते, हा माणसाच्या नजरेचा आहे, तिथे सर्व्हेअर कोण, कोणाच्या खर्चाने, आणि कंटेनर उघडल्यापासून किती तासांत, हे सीझनच्या आधी करारात लिहून घ्या.

आणि कोटेशनवाल्याला हो म्हणायच्या आधी इम्पोर्टरला एक फोन करा. कंटेनर उघडतानाचे फोटो आणि विक्रीचा भाव तू स्वतः रोजच्या रोज टाकणार का, एवढंच विचारा. हो म्हणाला तर इथे परत लिहा, पुढचं खर्चाचं गणित आपण बसून मांडू. आढेवेढे घेतले तर कोटेशनवाल्याला चहा पाजा आणि ते पैसे प्रीकूलिंगच्या युनिटवर घाला.