मुंबईची भुयारी मेट्रो कुठून कुठे जाते, आणि आपल्या खान्देशातल्या माणसाला तिचा उपयोग काय?

तुम्ही अमळनेरहून विचारलंय, की मुलगी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) नोकरीला लागली, आता मुंबईला जाणं-येणं वाढणार, तर ही जमिनीखालची मेट्रो नेमकी कुठून कुठे जाते आणि ती व्हायला इतकी वर्षं का लागली. मी पारोळा तालुक्यातला. बहीण मरोळला राहते, त्यामुळे वर्षातून तीन-चार वेळा मुंबई होतेच. पूर्ण मार्ग सुरू झाल्यापासून सीएसएमटीला उतरलो की तिच्याकडे मेट्रोनेच जातो, म्हणून उत्तर देतोय.

हिला मेट्रो ३ किंवा अ‍ॅक्वा लाइन म्हणतात. कागदोपत्री नाव कुलाबा-वांद्रे-सीप्झ. लांबी साडेतेहतीस किलोमीटर, स्थानकं २७, त्यातली २६ जमिनीखाली. फक्त उत्तरेचं शेवटचं आरे स्थानक वर, उघड्यावर आहे. दक्षिणेकडून निघालात तर कफ परेड, विधान भवन, चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी, मग काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, जगन्नाथ शंकरशेठ, महालक्ष्मी, सायन्स सेंटर, आचार्य अत्रे चौक, वरळी, सिद्धिविनायक, दादर, शितळादेवी, धारावी आणि बीकेसी. त्यापुढे वांद्रे कॉलनी, सांताक्रूझ, विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स (त्यांच्या मधे सहार रोड), मरोळ नाका, एमआयडीसी, सीप्झ आणि आरे. यादी लांबली, पण ती नीट वाचा. काळबादेवी-गिरगावसारख्या जुन्या वस्तीला, वरळीच्या ऑफिसांना आणि विमानतळाला लोकल कधी थेट पोचलीच नव्हती. या मार्गाचं मोल तिथेच आहे.

केंद्राची मंजुरी मिळाली २०१३ मध्ये, भूमिपूजन झालं २०१४ ला, कर्ज जायका या जपान सरकारच्या संस्थेचं. प्रत्यक्ष भुयार खणायला सुरुवात २०१७ मध्ये झाली आणि २०२२ च्या अखेरीला खणणं संपलं. पण नुसतं भुयार झालं म्हणून गाडी धावत नाही, तिला रात्री उभी करायला, धुवायला, दुरुस्त करायला कारशेड लागतं. ते आरेच्या जंगलात करायचं ठरलं आणि तिथेच गाडं अडलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात दोन हजारांहून जास्त झाडं तोडली गेली, लोक रस्त्यावर आले, सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. २०२० मध्ये सरकारने कारशेड कांजूरमार्गला हलवलं, तिथल्या कामाला उच्च न्यायालयाची स्थगिती आली, आणि २०२२ मध्ये ते परत आरेतच आलं. खर्च २३ हजार कोटींवरून ३७ हजार कोटींच्या वर गेला. मला स्वतःला मेट्रो हवी होती आणि आजही ती आवडते, पण झाडं ज्या घाईने रात्रीतून पाडली ते मला पटलेलं नाही. सातपुड्याचे डोंगर बोडके होताना आपण पाहिलेत, त्यामुळे असेल.

मार्ग तीन तुकड्यांत उघडला. आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४ मध्ये, बीकेसी ते आचार्य अत्रे चौक मे २०२५ मध्ये, आणि तिथून कफ परेडपर्यंतचा शेवटचा भाग ९ ऑक्टोबर २०२५ पासून लोकांसाठी.

आता ते खणलं कसं, हे मला सांगायचंच आहे, कारण आमच्या आबांनी उमेदीची वर्षं विहिरी खोदण्यात घालवली. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, आणि खाली काळा पाषाण लागला की घण-पहारीने भोकं पाडून सुरुंगाचे तोटे भरायचे, सगळ्यांना लांब पिटाळायचं, बार उडवायचा, आणि फुटलेला दगड यारीने वर ओढायचा. परस-दोन परस (परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढी खोली) खाली जायला कधी आख्खा उन्हाळा जायचा. मुंबईच्या पोटात आहे तो बराचसा दगड याच जातीचा, आपल्याच दख्खनच्या लाव्हाचा बेसॉल्ट. काही ठिकाणी दगडांचे तुकडे एकमेकांत चिकटून झालेला ब्रेशिया. तिथे वर चाळी उभ्या, मग सुरुंग लावणार कुठे?

म्हणून यंत्रं आणली, एकूण १७. पुढे पोलादी चकत्या बसवलेलं गोल तोंड, ते दगडावर दाबून फिरवायचं. चकत्यांखाली दगडाचे पापुद्रे सुटतात आणि पट्ट्यावरून मागे जातात. यंत्राच्या पाठीमागे लगेच काँक्रीटचे तयार तुकडे जोडून कडं बसवतात, आणि त्याच कड्याला रेटा देऊन यंत्र पुढे सरकतं. यंत्रांना नावं नद्यांची दिली होती, गोदावरी, कृष्णा, वैतरणा, वैनगंगा. भुयाराची रुंदी आपल्याकडच्या मोठ्या विहिरीपेक्षा थोडी कमीच. धारावी आणि बीकेसीच्या मधे ते मिठी नदीखालून जातं. गिरगाव-काळबादेवीला रस्ते इतके अरुंद, की वरून मोठा खड्डा करून स्थानक बांधायला जागाच नव्हती. तिथे फलाटांचा भाग खालच्या खाली, थोडा थोडा कोरून आधार देत काढलाय.

गेल्या हिवाळ्यात आबांना घेऊन गेलो. सीएसएमटीला सरकत्या जिन्यांवरून खाली जाताना ते वर बघत, बोटं मोजत होते. गाडीत बसल्यावर विचारलं, "आपन आते कोठे शेतस?" म्हटलं, गिरगावखाली. थोड्या वेळाने त्यांचा खरा प्रश्न आला: इतकं खोल खोदलं, मग पाणी कुठे जातं? विहीर खोदणाऱ्यालाच सुचावा असा प्रश्न. कड्यांच्या सांध्यांत रबरी पट्टी असते, कडं आणि दगड यांच्यामधल्या फटीत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबून भरतात, आणि तरी जे झिरपेल ते सखल जागी हौदात साठवून पंपाने वर फेकतात. पण पाणी आत यायला भुयारच गळावं लागतं असं नाही. २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी घुसलं, ते अर्धवट बांधलेल्या प्रवेशद्वाराकडून. आबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, विहिरीलाही धोका काठाचाच असतो, म्हणून आधी कठडा बांधायचा.

आता तुमच्या कामाचं. सुरतमार्गे येऊन मुंबई सेंट्रलला उतरलात तर जवळचं स्थानक जगन्नाथ शंकरशेठ. दादरला उतरलात तर पश्चिमेला बाहेर पडून गोखले रोडकडे चालत जा, मेट्रो रेल्वे स्थानकाला चिकटून नाही. तिथून बीकेसी तिसरंच स्थानक. जळगाव-भुसावळकडून सीएसएमटीला आलात तर मेट्रो समोरच आहे. मंत्रालयात काम असेल तर विधान भवनला उतरा. कुर्ल्याच्या टर्मिनसला येणाऱ्या गाडीसाठी मात्र हिचा उपयोग नाही, तिथून बीकेसीला रिक्षाच बरी. आणि आपल्याकडचे इतके लोक परळच्या टाटा रुग्णालयात जातात म्हणून सांगतो, ही मेट्रो परळला जात नाही. पेशंट बरोबर असेल तर दादरहून सरळ टॅक्सी करा.

तिकीट १० ते ७० रुपये. सामान जड असेल तर आधी लिफ्ट कुठल्या प्रवेशद्वाराला आहे ते विचारून घ्या, कारण एकाच स्थानकाची दोन तोंडं रस्त्याच्या दोन टोकांना असतात आणि चुकीच्या तोंडाने बाहेर पडलं की बॅगा घेऊन सिग्नल ओलांडत बसावं लागतं.