चौकशीला म्हणून नेलं, दोन रात्री ठेवलं, आणि कागदावर काहीच नाही

एका ताईंनी विचारलंय, त्यांचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. मुंबईच्या पूर्व उपनगरात राहतात, धाकटा भाऊ २३ वर्षांचा, एका सोसायटीत हाऊसकीपिंगला आहे. तिथल्या एका फ्लॅटमधून दागिने गेले. शुक्रवारी संध्याकाळी साध्या कपड्यातले दोघे आले, "साहेबांनी चौकशीला बोलवलंय, अर्ध्या तासात सोडतो" म्हणाले आणि सोडलं थेट रविवारी सकाळी. मधल्या दोन रात्री पोलीस स्टेशनातल्या डिटेक्शनच्या (गुन्हे तपास पथकाच्या) रूममध्ये, तळपायावर पट्ट्याने मारत होते आणि माल कुठे ठेवलास एवढंच विचारत होते. ताई शुक्रवारी डबा घेऊन गेल्या, रात्री एकपर्यंत बाहेर बाकावर बसून होत्या, भेटू दिलं नाही. सोडताना कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या, त्याचा मोबाईल ठेवून घेतला, आणि डॉक्टरकडे गेलास तर याच केसमध्ये आत टाकू असा दम दिला. शेजारी म्हणतात, जिवंत परत आला ना, मग पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. हातात पुरावा काहीच नाही, असंही ताईंनी लिहिलंय. आणि शेवटी लिहितात, "वकीलसाहेब, खरं सांगते, चोरी त्याने केली नाही असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत, मग तक्रार कुठल्या तोंडाने करू?"

ताई, तोंडाचं नंतर बोलू, आधी त्याला आजच्या आज हॉस्पिटलला न्या. महापालिकेच्या किंवा सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, सायन, राजावाडी, केईएम जे जवळ पडेल ते, आणि एमएलसी, म्हणजे मारहाणीच्या केसमधली मेडिको-लीगल नोंद, करायचीय असं स्पष्ट सांगा. डॉक्टर विचारतील कसं लागलं, कोणी मारलं. तिथे भीतीपोटी "जिन्यावरून पडलो" असं सांगू नका, कारण केसपेपरवर पहिल्यांदा जे लिहिलं जातं तेच पुढे कोर्टात समोरचा वकील वाचून दाखवतो. पोलीस स्टेशनमध्ये मारलं, कशाने, किती वेळा, कुठल्या रात्री, सगळं सांगायचं आणि ते लिहून घेतलंय का ते तिथेच वाचून बघायचं. तळपायाच्या माराचं असं आहे की जाड कातडीवर वळ फारसे उठत नाहीत आणि उठले तरी लवकर जातात, म्हणून तर तिथे मारतात. रोज फोटो काढा, एका तरी फोटोत चेहरा आणि पाय दोन्ही दिसू देत. आणि लघवीचा रंग गडद, चहासारखा येतोय का विचारा त्याला, येत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, खूप मार बसला की स्नायू ठेचले जातात आणि त्याचा त्रास किडनीला होतो. हे केसपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

आता तुमचा प्रश्न. समजा चोरी त्यानेच केली. तरी हा मार गुन्हाच आहे, आणि हे मी वकिली बाजू मांडायची म्हणून सांगत नाहीये, कायद्याच्या पुस्तकात तसं लिहिलेलं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १२० काढून बघा, जुन्या आयपीसीचं ३३० आणि ३३१. कबुली काढायला किंवा चोरीचा माल कुठे आहे ते वदवून घ्यायला कोणाला इजा केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा, जबर इजा असेल तर दहापर्यंत. कलमाखाली उदाहरणं दिलीयत ती तर वाचाच, एका उदाहरणात पोलीस अधिकारी गुन्हा कबूल करून घ्यायला छळ करतो आणि दुसऱ्यात चोरीचा माल कुठे ठेवलाय ते सांगावं म्हणून छळ करतो. म्हणजे तुमच्या भावाबरोबर जे झालं ते जसंच्या तसं कायद्यात गुन्ह्याचं उदाहरण म्हणून छापलेलंय, आणि तेही १८६० पासून. तिथे कुठेही असं म्हटलेलं नाही की ज्याला मारलं तो निर्दोष असला तरच गुन्हा. १८५४ मध्ये मद्रास प्रांतातल्या छळाच्या तक्रारींवर इंग्रज सरकारलाच चौकशी आयोग नेमायला लागला होता, आणि पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही हा नियमसुद्धा त्याच काळापासून चालत आलाय, आज तो भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. त्यामुळे चोरीचा तपास त्यांनी जरूर करावा, पुरावा असेल तर केस चालवावी, तुमच्या भावाला त्याचं उत्तर द्यावं लागेल ते लागेल, पण पट्ट्याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्या मनातसुद्धा एकत्र करू नका.

अटक केलीच नव्हती, नुसती चौकशी होती, असं ते म्हणणार हे मला आत्ताच दिसतंय. मुंबई हायकोर्टाने १९९० च्या एका निकालात स्पष्ट केलंय की माणसाला हवं तेव्हा उठून जाता येत नाही त्या क्षणापासून अटक सुरू होते, पोलिसांनी डायरीत किती वाजता नोंद केली त्यावर ती ठरत नाही. मग चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायला पाहिजे होतं, घरच्यांना कळवायला पाहिजे होतं, अटकेची कारणं सांगायला पाहिजे होती, मेडिकल करायला पाहिजे होती. यातलं बरंचसं १९९६ च्या डी. के. बसू निकालात बांधून दिलंय, बसू हे पश्चिम बंगालमध्ये कायदेशीर मदतीचं काम करणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष होते, १९८६ मध्ये त्यांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं आणि कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. आणि नोकराने मालकाकडे केलेली चोरी असो की राहत्या घरातली, शिक्षा सात वर्षांपर्यंतची आहे, म्हणजे साधारणपणे आधी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३५ ची, हजर राहा अशी लेखी नोटीस द्यायची असते, थेट उचलायचं नसतं.

पुरावा नाही असं तुम्ही लिहिलंय, पण तुमच्याकडे वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. शुक्रवारी रात्री एक वाजता स्टेशनबाहेरून रिक्षा केलीत तेव्हा पैसे मोबाईलवरून दिले असतील तर त्या पेमेंटवर तारीख-वेळ आहे, स्क्रीनशॉट काढा. ज्यांना ज्यांना फोन केलात त्या कॉलची यादी, घरच्या ग्रुपवर टाकलेले मेसेज, सगळं ठेवा, काही डिलीट करू नका. सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा, त्यात त्याला घेऊन जाताना दिसत असणार, सेक्रेटरीला आजच लेखी द्या की ते रेकॉर्डिंग जपून ठेवा, सोसायट्यांची रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत पुसली जातात. आणि पोलीस स्टेशनचे कॅमेरे. २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की स्टेशनचा कुठलाच भाग कॅमेऱ्याबाहेर राहता कामा नये, लॉकअप, पॅसेज, अधिकाऱ्यांच्या खोल्या सगळं आलं पाहिजे आणि रेकॉर्डिंग अठरा महिने टिकलं पाहिजे. कॅमेरा बंद होता असं उत्तर बऱ्याचदा येतं, येऊ दे, पण तुम्ही तारीख-वेळ टाकून लेखी मागितलं होतं हे कागदावर पाहिजे, मग बंद का होता हे त्यांना सांगावं लागतं.

कोऱ्या कागदांवरच्या सह्यांनी घाबरू नका. तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, कायद्यातच तसं आहे. पण उद्या त्यातून खोटा पंचनामा निघू नये म्हणून तक्रारीत पहिल्याच पानावर लिहा की अमुक तारखेला इतक्या कोऱ्या कागदांवर जबरदस्तीने सह्या घेतल्या आणि मोबाईल पावती न देता ठेवून घेतला.

तक्रार द्यायला त्याच स्टेशनला एकट्या जाऊ नका. अर्ज लिहा, वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने एक, परिमंडळाच्या डीसीपींना एक, पोलीस आयुक्तांना एक, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, पावत्या जपून ठेवा. हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येतो असा, २०१३ च्या ललिता कुमारी निकालानुसार एफआयआर घ्यायलाच पाहिजे, पण स्वतःच्याच माणसांवर ते सहज घेणार नाहीत हे धरून चला. नाही घेतला तर तुमच्या भागाच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात बीएनएसएस १७५ खाली प्रतिज्ञापत्रासह अर्ज. सीएसएमटीसमोर राज्य मानवी हक्क आयोग आहे, तिथे एका वर्षाच्या आत तक्रार जायला हवी, आणि नुकसानभरपाईसाठी हायकोर्टाचा रस्ता १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालापासून उघडा आहे.

एका तारखेबद्दल मात्र कडक सांगतो, कारण यात भलेभले अडकतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये पोलिसांवरच्या खटल्याला सहा महिन्यांची मुदत आहे, सरकारची मंजुरी असली तर दोन वर्षं. १९६६ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच प्रकरणात म्हटलंय की कबुलीसाठी मारणं आणि डांबून ठेवणं हे पोलिसांच्या कर्तव्यात बसतच नाही, म्हणून ही मुदत तिथे लागत नाही. पण वाद त्यांनी घालू नये असं वाटत असेल तर सहा महिन्यांच्या आतच कोर्टात जा. खटल्याला सरकारी मंजुरी लागते का हा वादही ते घालतील, २०२० मध्ये कर्नाटकच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने कर्तव्य बजावताना मर्यादा ओलांडली तरी मंजुरी लागू शकते असं म्हटलंय, तेव्हा ही लढाई सोपी आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. आपल्याकडे छळाविरुद्ध वेगळा कायदाच नाही. भारताने १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, पण त्याला अजून मान्यता दिलेली नाही, २०१० मध्ये विधेयक लोकसभेत पास होऊन राज्यसभेत अडकलं, २०१७ मध्ये विधी आयोगाने पुन्हा सांगितलं, तरी काही झालं नाही. याचा मला राग येतो, प्रत्येक वेळी येतो, कारण कायदा असता तर जखमा कशा झाल्या हे सांगायची जबाबदारी पोलिसांवर टाकता आली असती.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल एवढंच की गप्प बसल्याने तो सुटत नाहीये. मोबाईल त्यांच्याकडे आहे, सह्या त्यांच्याकडे आहेत, दागिने अजून मिळालेले नाहीत, म्हणजे ते परत बोलावणार. म्हणून तक्रारीबरोबरच सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाका आणि मारहाणीची हकिकत, एमएलसीचा कागद त्याला जोडा. पैशांची अडचण असेल तर जवळच्या कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा नाहीतर १५१०० वर फोन करा, महिलांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, तुम्ही स्वतःच्या नावाने अर्ज करू शकता, भावाला उत्पन्नाचा दाखला लागेल. आणि परत फोन आला, "जरा येऊन जा" म्हणाले, तर नम्रपणे सांगायचं की साहेब लेखी नोटीस पाठवा, आम्ही वकील घेऊन येतो. नोटीस आली की मात्र टाळायचं नाही, दिलेल्या वेळेला जायचं, वकील बरोबर, आणि आत जायच्या आधी गेटवर उभं राहून त्याचा एक फोटो काढून मला किंवा तुमच्या वकिलाला पाठवून ठेवायचा.