कनू विकत घ्यायची की भाड्याने?

मिसिसागाहून एका वाचकाने विचारलंय, की येत्या जुलैत दोन मित्रांच्या फॅमिलीबरोबर ऑन्टारिओतल्या फ्रेंच रिव्हरवर पाच दिवसांची कनू (वल्ह्यांची हलकी, निमुळती होडी) ट्रिप ठरतेय, ४,२०० डॉलरची केवलार (हलक्या पण मजबूत धाग्याची) कनू आणि ५०० चा रूफ रॅक घ्यावा म्हणतोय, पैसे आरआरएसपीतून (रिटायरमेंटसाठीच्या बचत खात्यातून) काढू की क्रेडिट कार्डावर टाकू, आणि बायको म्हणते भाड्याने घे.

वहिनींचं ऐका.

नदी मात्र झकास निवडलीत. निपिसिंग लेकपासून जॉर्जियन बेपर्यंत साधारण ११० किलोमीटर, फरच्या व्यापाऱ्यांच्या कनू इथूनच जायच्या, त्याच्याही आधी १६१५ मध्ये फ्रेंच शोधप्रवासी शांप्लें याच वाटेने गेला, आणि १९८६ मध्ये कॅनडाची पहिली हेरिटेज रिव्हर म्हणून हिचाच नंबर लागला. तेव्हा हौस कळते हो, पण बिल बघू.

कनू आणि रॅक मिळून ४,७००, त्यावर १३ टक्के एचएसटी (विक्रीकर) धरला की ५,३११ होतात. आउटफिटरने (कनू आणि कॅम्पिंगचं सामान भाड्याने देणाऱ्याने) तुम्हाला दिवसाला ६५ सांगितलेत, म्हणजे पाच दिवसांचे टॅक्ससकट ३६७, त्यात बहुतेक ठिकाणी वल्ही आणि लाइफ जॅकेट येतातच. अशा चौदा ट्रिपा होऊनही विकतचे पैसे पुरते वसूल होत नाहीत, आणि तुमची वर्षाला एक झाली तरी खूप. शिवाय तुम्ही राहता कॉन्डोत! सतरा फुटी होडी लॉकरमध्ये मावत नाही, लिफ्टमध्ये तर नाहीच, मग दर महिन्याला स्टोरेजचं भाडं वेगळं. हां, चांगली कनू विकताना बऱ्यापैकी पैसे परत येतात हे खरं, पण तोवर ते अडकलेलेच ना.

आरआरएसपीला तर हातच लावू नका. ५,००० च्या वर एकदम काढले की ऑन्टारिओत २० टक्के आधीच कापतात, म्हणजे हातात ५,३११ यायला ६,६३९ काढावे लागतील, ते सगळे त्या वर्षीच्या इन्कममध्ये धरले जातात आणि तेवढी रूम (खात्यात पैसे टाकायची मुभा) कायमची गेली. कार्डाच्या १९.९९ टक्क्यांनी वर्षभर राहू दिलंत तर हजाराच्या वर नुसतं व्याज. काढायचेच झाले तर टीएफएसएतून (टॅक्स-फ्री बचत खात्यातून) काढा, टॅक्स नाही आणि रूम पुढच्या १ जानेवारीला परत मिळते.

खर्च करायचाच तर एका जादा रात्रीच्या कॅम्पिंग परमिटचे पैसे बाजूला ठेवा, ते माणशी आणि दर रात्रीचं असतं, आणि जॉर्जियन बेच्या तोंडाशी वारा सुटला की दिवसभर किनाऱ्यावर बसून राहावं लागतं. सॅटेलाइट मेसेंजर आणि अस्वलांपासून खाणं वाचवायला बॅरल, दोन्ही भाड्याने घ्या, तिन्ही फॅमिलीत वाटून.

ट्रिपनंतरही घ्यावीशी वाटली तर सीझन संपताना आउटफिटर आपल्या भाड्याच्या कनू विकायला काढतात तेव्हा बघा, आणि आत्तापासून महिन्याला २५० टीएफएसएत ऑटोमॅटिक टाकायला लागा. रॅक मात्र कनू आल्यावरच.