शब्दांची विचारपूस : कुत्रा, श्वान आणि सुणें

प्रश्न : वर्तमानपत्रांत पोलिसांच्या पथकातला तो ‘श्वान’ आणि रस्त्यावर हिंडणारा तो ‘कुत्रा’ असा भेद दिसतो. ‘श्वान’ हा शुद्ध आणि ‘कुत्रा’ हा अशुद्ध शब्द आहे काय? (एक वाचक, सोलापूर)

शुद्ध-अशुद्धतेचा येथे प्रश्नच नाही. दोन्ही शब्द मराठीच्या घरातले आहेत. ते वेगवेगळ्या दारांनी आत आले, एवढाच फरक. ‘श्वान’ संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला, तर ‘कुत्रा’ लोकांच्या तोंडी घडत आलेला. हिंदीतील ‘कुत्ता’ आणि गुजरातीतील ‘कूतरो’ ही त्याची सख्खी भावंडे असून प्राकृतातही ‘कुत्त’ असे रूप सापडते. संस्कृतातील ‘कुक्कुर’ हा शब्द जसा आवाजावरून किंवा हाकेवरून बनलेला दिसतो, तशाच घडणीचा ‘कुत्रा’ हाही शब्द असावा, असे अभ्यासक मानतात.

‘श्वान’ या रूपात मात्र एक गंमत आहे. मूळ संस्कृत शब्द ‘श्वन्’. ‘राजन्’वरून आपण ‘राजा’ घेतला, ‘आत्मन्’वरून ‘आत्मा’ घेतला आणि ‘युवन्’वरून ‘युवा’ घेतला, म्हणजे प्रत्येक वेळी प्रथमेच्या एकवचनाचे रूप उचलले. त्या न्यायाने ‘श्वन्’वरून मराठीत ‘श्वा’ यायला हवा होता. तो आला नाही. श्वानौ, श्वानः अशा रूपांत दिसणारे ‘श्वान’ हे अंगच, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीचे रूपच, रूढ झाले. एकाक्षरी ‘श्वा’ बोलण्यात टिकण्यास फार तोकडा पडला असावा, असे मला वाटते.

हा शब्द अतिशय जुन्या कुळातला आहे. लॅटिनमधील ‘कॅनिस’, ग्रीकमधील ‘क्युऑन’, इंग्रजीतील ‘हाउंड’ आणि फारसीतील ‘सग’ हे सारे त्याच मुळाचे धुमारे आहेत. इराणातील मीड लोक कुत्रीला ‘स्पाका’ म्हणतात, अशी नोंद ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने केली असून, बालपणी सायरस राजाला वाढवणाऱ्या गुराख्याच्या बायकोचे नाव त्यावरूनच ‘स्पाको’ होते, असे तो सांगतो. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या कॅनरी बेटांचे नाव लॅटिन ‘कॅनिस’वरून पडले, कारण तेथे मोठाले कुत्रे पुष्कळ आहेत, असे रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवले आहे. पुढे त्या बेटांवरच्या पिवळ्या गाणाऱ्या पक्ष्यालाही कॅनरी म्हणू लागले. म्हणजे पिंजऱ्यातल्या त्या इवल्या पाखराच्या नावात कुत्रा दडलेला आहे.

वापराबाबत विचाराल, तर श्वानपथक, श्वानदंश असे सामासिक शब्द रूढ आहेत, ते तसेच राहावेत. परंतु पट्टा बांधलेला तो ‘श्वान’ आणि बेवारस तो ‘कुत्रा’ अशी प्रतिष्ठेची वाटणी शब्दांच्या इतिहासात कोठेही नाही, आणि ती आपण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या घरी कोकणीत ‘सुणें’ म्हणतात. मराठीशी या शब्दाचा काही संबंध आहे काय? (एक वाचक, पणजी)

संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. वर आलेल्या ‘श्वन्’ या शब्दाची रूपे चालवताना काही रूपांत ‘व’चा ‘उ’ होतो : शुना, शुने, शुनः. पाणिनीने यासाठी ‘श्वयुवमघोनामतद्धिते’ हे सूत्र रचले आहे. कुत्रा, तरुण आणि इंद्र यांना त्याने एकाच सूत्रात बांधले, याचे नवल करणारे एक सुभाषितही प्रसिद्ध आहे. काच, मणी आणि सोने एका दोऱ्यात ओवणाऱ्या मुलीला कवी म्हणतो, तू असे करतेस यात आश्चर्य ते काय, एवढ्या विचारी पाणिनीनेही श्वान, युवा आणि मघवा यांना एकाच सूत्रात सांगितले आहे! ‘सूत्र’ म्हणजे दोरा आणि व्याकरणाचा नियमही, या शब्दावरचा श्लेष मराठीतही तसाच कळतो, ही त्यातील विशेष गोडी.

याच ‘शुन्’ अंगावरून ‘शुनक’ शब्द बनला. प्राकृतात ‘श’चा ‘स’ आणि ‘न’चा ‘ण’ होऊन त्याचा ‘सुणअ’ झाला, आणि त्यातून ‘सुणें’ आला. म्हणून वर्तमानपत्रातला भारदस्त ‘श्वान’ आणि तुमच्या अंगणातले ‘सुणें’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. ‘कुत्रा’ मात्र त्या कुळातला नाही. जुन्या मराठीतही ‘सुणें’ होते. पुढे देशावर ‘कुत्रा’ पसरला आणि ‘सुणें’ मागे पडले. कोकणीने ते जिवापाड जपले.

तरीही मराठीने हा शब्द पूर्णपणे गमावलेला नाही. जंगलात कळपाने शिकार करणाऱ्या रानकुत्र्याला आपण ‘कोळसून’ किंवा ‘कोळसुंदा’ म्हणतो. त्यातील ‘सून’ म्हणजे हेच ‘सुणें’. पहिल्या भागाचा संबंध कोल्ह्याशी लावला जातो. दख्खनच्या प्राण्यांची यादी करणाऱ्या साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1831 मध्ये या प्राण्याला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा मराठे लोक त्याला कोळसून म्हणतात, हेही नोंदवले. गावातून हद्दपार झालेला शब्द असा रानात टिकून राहिला, हे मला फार हृद्य वाटते.

प्रश्न : ‘भटकी कुत्री’ असे लिहिले की केवळ माद्यांचा बोध होतो. ‘भटके कुत्रे’ असेच लिहायला नको का? (एक वाचक, नाशिक)

दोन्ही बरोबर आहेत. नर तो कुत्रा, अनेकवचन कुत्रे. मादी ती कुत्री, अनेकवचन कुत्र्या. आणि नर-मादी असा भेद न करता ते कुत्रे, बोलण्यात कुत्रं, अनेकवचन कुत्री. ‘भटकी कुत्री’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन आहे, ‘घरे’ किंवा ‘डोकी’ यांसारखे. त्यात नर, माद्या आणि पिल्ले असे सगळेच येतात. केवळ माद्या सांगायच्या असत्या, तर ‘भटक्या कुत्र्या’ म्हणावे लागले असते.

प्रश्न : ‘पिसाळणे’ याचा पिसांशी संबंध आहे काय? (एक वाचक, पुणे)

पक्ष्याच्या पिसांशी नाही. ‘वेड’ या अर्थाच्या ‘पिसे’ या शब्दाशी आहे. संतवाङ्मयात ‘पिसे लागणे’ म्हणजे वेड लागणे, ध्यास लागणे. या शब्दाचे मूळ ‘पिशाच’ आहे. प्राकृतात पिशाचाला ‘पिसल्ल’ असेही म्हणत, आणि ‘पिसाळणे’ हे क्रियापद त्याच्याशी जुळते. पिशाचाने झपाटल्यासारखा वागणारा, तो पिसाळलेला. रोगाचे कारण ठाऊक नसलेल्या काळातील माणसांची भीती या शब्दात गोठून राहिली आहे. संस्कृतात अशा कुत्र्यासाठी ‘अलर्क’ हा स्वतंत्र शब्द अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने दिला आहे, आणि दंश झालेल्या रोग्याला पाण्याची भीती वाटते, हे लक्षण सुश्रुताने ‘जलत्रास’ या नावाने वर्णिले आहे.

प्रश्न : शुनःशेप या ऋषीच्या नावाचा अर्थ कुत्र्याची शेपटी असा सांगतात. असे नाव कोणी मुलाला ठेवील काय? (एक वाचक, लातूर)

ठेवले खरे. ‘ऐतरेय ब्राह्मण’ या वैदिक ग्रंथातील कथेनुसार अजीगर्ताच्या तीन मुलांची नावे शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलाङ्गूल अशी होती, आणि तिन्हींचा अर्थ तोच सांगितला जातो. बापाने यज्ञात बळी देण्यासाठी विकलेला मधला मुलगा देवांची स्तुती करून सुटला आणि पुढे विश्वामित्राचा पुत्र झाला. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील काही सूक्ते त्याच्या नावावर आहेत. ‘शौनक’ हे विद्वान घराण्याचे नावही ‘शुनक’वरूनच आलेले आहे. तेव्हा त्या काळी हा शब्द नावात घ्यायला लोक कचरत नव्हते, हे उघड आहे. इंद्राची कुत्री सरमा ऋग्वेदात चोरलेल्या गाईंचा माग काढत त्या चोरणाऱ्या पणींपर्यंत पोहोचते आणि त्यांच्याशी निर्भयपणे बोलते. तिची संतती म्हणून कुत्र्याला ‘सारमेय’ म्हणतात.

मला यांपैकी सर्वांत आवडणारा शब्द आहे ‘कौलेयक’. ‘कुल’ म्हणजे घराणे. त्या शब्दापासून कुत्रा या अर्थाने ‘कौलेयक’ कसा सिद्ध होतो, हे पाणिनीने एका वेगळ्या सूत्रात सांगितले आहे, आणि अमरकोशातील कुत्र्याच्या नावांत पहिले नाव हेच आहे. त्याचा अर्थ घराण्यातला, घरचा.