व्हीपीएस पुरेल की डेडिकेटेड सर्व्हर घ्यावा?

प्रश्न : आम्ही देवगडहून हापूसच्या पेट्या संकेतस्थळावरून विकतो. एप्रिल-मेमध्ये ते फार मंदावते. सध्याचा व्हीपीएस सोडून डेडिकेटेड सर्व्हर घ्यावा का?

उत्तर : माझ्या मते घाई करू नये. डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे अख्खे यंत्र एकट्या ग्राहकाला. व्हीपीएसमध्ये (व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर) मात्र एकाच यंत्राचे हायपरव्हायजर या सॉफ्टवेअरद्वारे अनेक भाग केलेले असतात आणि प्रोसेसर बहुधा शेजाऱ्यांबरोबर, म्हणजे त्याच यंत्रावरच्या इतर ग्राहकांबरोबर, वाटून घ्यावा लागतो. त्यामुळे मंदपणा शेजाऱ्यांमुळे आहे की आपल्याच रचनेमुळे, हे आधी तपासावे. सर्व्हर लिनक्सवर असेल, तर ऐन गर्दीत ‘टॉप’ (top) ही आज्ञा देऊन ‘एसटी’ (st) हा आकडा पाहावा. यंत्र दुसऱ्यांच्या कामात गुंतल्याने आपल्याला प्रोसेसरसाठी किती थांबावे लागले, हे तो टक्क्यांत सांगतो. तो सतत १० च्या वर राहिला, तर राखीव प्रोसेसर असलेली व्हीपीएस योजना मागावी. तो शून्याजवळ असूनही संकेतस्थळ रखडत असेल, तर दोष अपुऱ्या रॅममध्ये, इंडेक्स (माहिती पटकन शोधून देणारी सूची) नसलेल्या डेटाबेसमध्ये किंवा आंब्यांच्या अवजड छायाचित्रांत शोधावा. नवे यंत्र घेऊन तो जाणार नाही.

आपला हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा, आणि व्हीपीएसची रॅम व प्रोसेसर बहुधा एकदा रीस्टार्ट करून वाढवता येतात, पावसाळ्यात कमीही करता येतात. डेडिकेटेड सर्व्हरचे भाडे मात्र, तो ठेवला तर, बाराही महिने चालू राहते. वर्षभर सारखाच मोठा भार असलेल्या व्यवसायालाच तो परवडतो. बॅकअप मात्र, कोणताही पर्याय निवडला तरी, दुसऱ्या कंपनीकडे ठेवावा.