आपला तो बाब्या

प्रिय,

अमेरिकी अध्यक्षांवरच्या महाभियोगांबद्दलचा तुझा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा मजा आली, दुसऱ्यांदा तांबडी पेन्सिल काढली. राग मानू नकोस. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेला हात आहे, स्वस्थ बसत नाही.

रिपब्लिकन पक्षाच्या लिंडसे ग्रॅहम यांना तू चांगलंच धारेवर धरलं आहेस, आणि ते रास्तच आहे. तिथं प्रतिनिधिगृह आरोप ठेवतं आणि सिनेट न्याय करते. १९९९ च्या जानेवारीत डेमोक्रॅट अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्याविरुद्ध सिनेटसमोर बाजू मांडणाऱ्या १३ खासदारांपैकी ते एक. अध्यक्षाचं पद जायला गुन्हा सिद्धच व्हावा लागतो असं नाही, महाभियोग शिक्षेसाठी नसतो, पदाच्या शुद्धीसाठी असतो, असं ते तेव्हा सांगत होते. २० वर्षांनी त्यांच्याच पक्षाच्या डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर वेळ आली, तेव्हा माझं मत आधीच ठरलंय, निःपक्षपातीपणाचा आव मी आणणार नाही, असं खटल्याआधीच बोलून ते मोकळे झाले. आणि १६ जानेवारी २०२० ला बाकी सिनेटरांबरोबर उभे राहून त्यांनी निःपक्ष न्याय करण्याची शपथ घेतली.

पण तुझ्या लेखात डेमोक्रॅट पक्षाचे जेरोल्ड नॅडलर कुठे आहेत? डिसेंबर १९९८ मध्ये हेच गृहस्थ प्रतिनिधिगृहात सांगत होते की, एका मोठ्या पक्षाचा पाठिंबा आणि दुसऱ्याचा विरोध असा महाभियोग कधीच होता कामा नये. २०१९ साली ते प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते. १८ डिसेंबरला ट्रम्प यांच्यावरचे दोषारोप मंजूर झाले, तेव्हा रिपब्लिकनांचं एकही मत त्या बाजूला पडलं नाही. हे तुला ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. ते तुला सोयीचं नव्हतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

मी तरी कुठला धुतल्या तांदळासारखा! क्लिंटन प्रकरणाच्या वेळी ‘त्यांचा खासगी मामला, आपल्याला काय’ असं मी स्टाफरूममध्ये ठणकावून सांगत असे. शपथेवर खोटं बोलल्याचा आरोप होता, आणि मी तर साक्षीपुराव्याचा कायदा शिकवत होतो. समोर बसलेल्या बाईंनी शांतपणे विचारलं, “सर, हाच माणूस तुमच्या नावडत्या पक्षाचा असता तर?” मी चहा घ्यायला उठलो.

मग काय, सगळेच चोर म्हणून हात झटकायचे? तुझ्या शेवटच्या परिच्छेदाचा रोख तसाच आहे, आणि मला तोच जास्त खटकला. माणसानं दोन वेळा दोन परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या, तर त्या दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, एवढंच कळतं. खरी कुठली, हे शोधायचं काम उरतंच. ग्रॅहम यांचं १९९९ चं तत्त्व माझ्या मते बरोबर होतं. राज्यघटनेत देशद्रोह, लाचखोरी आणि ‘इतर गंभीर अपराध व गैरकृत्यं’ असे शब्द आहेत, त्यात पदाचा गैरवापर येतो. नॅडलर यांचं १९९८ चं तत्त्व मात्र तेव्हाच चुकीचं होतं. विरोधी पक्षाची संमती हवीच म्हटलं, की आपल्या माणसाला सोडायचं नाही असं ठरवून बसलेला पक्ष त्याला अभय देऊ शकतो. म्हणजे एकाचं बोलणं बरोबर आणि पुढचं वागणं चूक, दुसऱ्याचं नेमकं उलट. तुझ्या लेखात ही उलटापालट यायला हवी होती.

अँड्र्यू जॉन्सनच्या खटल्याला तू दोन ओळी दिल्यास. तिथे खरं थांबायला हवं होतं. लिंकनच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेला हा माणूस गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या हक्कांच्या आड येत होता. म्हणून काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, त्याचे हात बांधणारा कायदा केला: सिनेटच्या संमतीनं नेमलेल्या अधिकाऱ्याला सिनेटच्या संमतीशिवाय काढायचं नाही. त्यानं युद्धमंत्री स्टँटनला काढलं, आणि तीन दिवसांत, २४ फेब्रुवारी १८६८ ला, महाभियोग लागला. सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९. दोषी ठरवायला दोन तृतीयांश, म्हणजे ३६ मतं हवी होती. त्याच्या विरोधातल्या रिपब्लिकन पक्षाच्या सात जणांनी पक्ष सोडून ‘निर्दोष’ म्हटलं. गंमत बघ, जॉन्सन गेला असता तर सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड देशाचे अध्यक्ष झाले असते, आणि त्या वेडनी ‘दोषी’ असं मत दिलं होतं! १९२६ साली सर्वोच्च न्यायालयानं तशा प्रकारचा कायदा घटनाबाह्य असल्याचं सांगितलं. त्या सात जणांना संत करू नकोस. त्यांतल्या एडमंड रॉस यांनी पुढे जॉन्सनकडे आपल्या माणसांच्या नेमणुकांसाठी शब्द टाकला होता. पण जॉन्सन वाईट अध्यक्ष होता आणि तरीही तो आरोप लंगडा होता, ही दोन्ही वाक्यं तुला एका दमात लिहिता आली पाहिजेत. मला तुझ्या वयात जमत नव्हती.

अमेरिकेत आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. व्हिप मोडला म्हणून तिथं कुणाची खासदारकी जात नाही. तरी माणसं रांगेतच उभी राहतात, कारण शिक्षा घरच्या मतदारसंघात पक्षाच्या उमेदवारीच्या निवडणुकीत मिळते. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या दुसऱ्या महाभियोगात त्यांच्याविरुद्ध मत देणाऱ्या १० रिपब्लिकन खासदारांपैकी पुढच्या सभागृहात दोघेच परतले. आणि त्यांना हसण्याआधी आपलं ११ मे १९९३ आठव. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रामस्वामी यांना हटवण्याच्या प्रस्तावाच्या बाजूनं लोकसभेत १९६ मतं, विरोधात एकही नाही, आणि सत्ताधारी काँग्रेस तटस्थ. सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त मतं हवी होती, म्हणून ठराव पडला.

आता दुरुस्त्या. रामशास्त्री प्रभुण्यांचा परिच्छेद काढून टाक. ते एकटे न्यायाधीश होते, पद सोडून गावी जाऊ शकले. इथे पुन्हा निवडून यायचं असलेले १०० राजकारणी न्यायाला बसतात, तुलना जुळत नाही. नॅडलर यांना ग्रॅहम यांच्याइतकीच जागा दे. प्रत्येक प्रकरणात तुझी कसोटी काय, ते एका वाक्यात आधी लिही, मग मतांचे आकडे. दुसरी प्रत रविवारपर्यंत पाठव. सोमवारी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, नंतर आठवडाभर वाचता येणार नाही.

तुझा,
सर